तार, छत्री आणि माईचा अध्याय

तराजूसाहेबांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट मोजून पाहिल्याशिवाय घरात आणली नव्हती. अपवाद फक्त बायकोचा, आणि तोही सासरेबुवांनी घाई केली म्हणून, असं ते चारचौघांत सांगत. त्यावर काकू शांतपणे म्हणत, "आणि तीच एक वस्तू काय ती बिनतक्रार चालली."

साहेब वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, वजनं उलटी करून तळ बघायचे, आणि दुकानदाराच्या चेहऱ्याचा रंग किती उतरला तेही मनातल्या मनात मोजायचं, हा त्यांचा नोकरीभरचा उद्योग. 'तराजू' हे नाव दुकानदारांनी ठेवलं होतं आणि ते काही मायेनं नव्हे. निवृत्तीनंतर तेच नाव इमारतीत लाडानं चालू लागलं, आणि साहेबांनी ते पदवीसारखं मिरवलं. घरी दुधाच्या पिशवीचं वजन व्हायचं. चहात साखर पडायची ती सपाट चमच्यानं. चमच्यावर शीग दिसली की साहेब नुसते खाकरायचे, आणि काकू बोटानं ती शीग परत डब्यात लोटायच्या.

काकूंचं मोजमाप वेगळं होतं. त्यांचं सगळं नेमावर चालायचं. पहाटे उठणं, अंघोळ, प्रार्थना, आणि मग माईला अध्याय वाचून दाखवणं. माई म्हणजे काकूंची थोरली बहीण. ती दूरच्या गावी मुलाकडे राहायची. अलीकडे तिची नजर गेली, आणि जन्मभर ज्या पुस्तकावाचून तिचा दिवस उजाडला नव्हता ते पुस्तक नुसतं मांडीवर घेऊन बसण्यापुरतं उरलं. तेव्हा काकूंनी नेम धरला: रोज एक अध्याय माईला वाचून दाखवायचा, तोही अखंड. मधे तुटला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. आणि अध्याय पुरा झाल्याशिवाय चहाचा थेंब तोंडात घ्यायचा नाही.

हा नेम त्यांनी फक्त स्वतःपुरता धरला होता. साहेबांना त्यांनी कधी अडवलं नाही. पण समोर बायको कोरड्या तोंडानं वाचते आहे आणि आपण बशीत ओतून चहा ओढतो आहोत, हे काही साहेबांच्यानं होईना. एकदा त्यांनी प्रयत्न केला, पण घोट घशात असा काही अडकला की खोकल्यानं अध्याय तुटला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आला. त्यानंतर नेम एकीचा आणि उपास दोघांचा, अशी वाटणी कायम झाली.

आता वाचायचं म्हणजे फोनवरूनच, पण त्यांच्या घरात मोबाइलला रेंज यायची ती फक्त मोरीत, आणि तीही खिडकीला चिकटून उभं राहिलं तर. "देवाचं नाव कुठंही घ्यावं," काकू म्हणायच्या, "पण अध्याय मोरीत उभं राहून वाचायचा नाही म्हणजे नाही." म्हणून वाचन नेटवरून चालायचं. टेबलावर टॅबलेट, त्यापुढे काकू. तिकडे माईच्या उशाशी एक स्पीकर, जो आपला आपणच फोन उचलायचा. हे सगळं जुन्या फोनच्या तारेवर चाललं होतं. पण ती तार आता म्हातारी झाली होती. कंपनीही तिला बंद करायच्या विचारात होती, त्यामुळे दुरुस्तीला कुणी फिरकत नव्हतं. अध्याय तुटू लागला. चहा आधी अर्धा तास लांबला, मग तासभर, मग त्याला धड सकाळचा चहाही म्हणता येईना.

एक दिवस अध्याय चौथ्यांदा पहिल्या ओळीवर आला, तेव्हा पलीकडून माई म्हणाली, "धाकटे, घसा बसेल तुझा. पोरानं मला एक डबा आणून दिलाय. पुस्तक वाचतो तो. बाईचा आवाज आहे, स्वच्छ. अडखळत नाही, तुटत नाही."

"बरं झालं की," काकू म्हणाल्या.

"महिनाभर बघू तुझं नेट सुधारतं का. नाहीतर डबा आहेच. उगाच तू कशाला उपाशी राहतेस?"

काकू पुन्हा एकदा "बरं झालं की" म्हणाल्या. मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवरचे सगळे डबे खाली काढले, फळी पुसली, डबे वर ठेवले, आणि क्षणभर थांबून ते सगळे पुन्हा खाली काढले. साहेब दारातून बघत होते. काकू रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचं रडणं फळ्या पुसण्यात जायचं, आणि आजची फळी चांगलीच लखलखली होती.

"मी बघतो," साहेब म्हणाले.

"काय बघता?"

"नेटचं. बाजारात दोनच तऱ्हा आहेत. एक जमिनीवरून येणारं, एक आभाळातून. दोन्हीवाले महिनाभर फुकट वापरायला देतात. दोन्ही आणतो, मोजतो, जे खरं उतरेल ते ठेवतो."

"एकच आणून नाही चालणार?"

"एका पारड्याला तराजू म्हणत नाहीत," साहेब म्हणाले, आणि चप्पल घालून बाहेर पडले.

साहेब नुसते जिना उतरेपर्यंत बातमी इमारतभर झाली होती. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. इमारतीचे सेक्रेटरीही तेच, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. त्यांनी साहेबांना हात धरून आत घेतलं आणि बसायला दुसरी जागा नसल्यामुळे पेशंटच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची मागे कलली, आणि पुढचं सगळं बोलणं साहेबांनी छताकडे बघत ऐकलं.

"डॉक्टर म्हणून विचाराल तर फायबर," डॉक्टर म्हणाले. "डोळे मिटून घ्या. काचेच्या धाग्यातून उजेड पळतो, साहेब. वाऱ्यापावसाशी त्याला देणंघेणं नाही."

"मग उद्याच बोलावतो."

"बोलवा. पण भिंतीला भोक पाडायचं नाही."

"मग धागा आत कसा यायचा?"

"ते मी सेक्रेटरी म्हणून बोललो. आत्ताच रंग झालाय इमारतीचा."

"अहो, तुम्ही दिवसभर लोकांच्या दातांना भोकं पाडता."

"म्हणूनच सांगतोय. पाडलेलं भोक पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. मी नुसता बुजवतो, आणि बुजवलेलं किती टिकतं ते मलाच माहीत." डॉक्टरांनी खुर्ची सरळ केली. "अर्ज द्या. बैठकीत ठेवू."

"बैठक कधी?"

"कोरम भरला की."

"आणि कोरम कधी भरतो?"

"रंग कुठला द्यायचा तेव्हा भरला होता," डॉक्टर आठवत म्हणाले. "त्याआधीचं सांगता यायचं नाही."

वरच्या मजल्यावर पडदे शिवणाऱ्या वहिनी राहायच्या. त्यांचं मत नेमकं उलटं. "तारेच्या भानगडीत पडूच नका, काका. तार आली की उंदीर आलाच. माझ्या मशिनची वायर मेल्यांनी खाल्ली, वर चाकाचा पट्टाही खाल्ला. तुम्ही आपली ती गच्चीवरची छत्री घ्या. आभाळातून येतंय, त्याला कुठला उंदीर खाणार?" वहिनींकडे गच्चीची किल्ली असल्यामुळे त्यांच्या मताला वजन होतं. ते वजन साहेबांनी ध्यानात घेतलं.

आधी तारवाला आला. "तार कुठून घ्यायची?" त्यानं विचारलं.

"तार नव्हे, काच," साहेबांनी दुरुस्ती केली.

"बरं, काच कुठून घ्यायची?"

भिंत सेक्रेटरींच्या राज्यात होती. खिडकीतून घ्यावी तर खिडकी बंद होईना. शेवटी स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकणारा पंखा ज्या गोल भोकात बसला होता, तिथून धागा आत आला. धागा जास्त वळवायचा नाही, वळवला तर आतून तडकतो, असं तारवाल्यानं बजावलं. त्यामुळे तो शेगडीवरून, ताटाळ्यावरून, दाराच्या चौकटीवरून असा ऐसपैस वळसे घेत बैठकीत आला, की जणू घरचा जावईच आला. पंखा लावायची सोय उरली नाही, कारण पात्यांनी धागा छाटला असता.

"अहो, फोडणीचा धूर कुठं जायचा?" काकूंनी विचारलं.

"महिनाभर नेम केलास असं समज."

काकूंनी कढई चढवली. नेमाचा शब्द असा फोडणीत टाकलेला त्यांना आवडला नव्हता, हे त्यांनी फोडणीच देऊन सांगितलं. साहेब डोळे चोळत बैठकीत येऊन बसले.

मग छत्रीवाला आला. छत्री म्हणजे ताटाएवढी पांढरी चकती. ती गच्चीच्या कठड्याला बसवायची आणि दूरच्या टॉवरकडे तोंड करून ठेवायची. मधे काही आलं की ती रुसायची. छत्रीवाल्यानं एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून ती अचूक वळवली आणि तिची वायर खाली आणून घरात जोडली. सगळं झकास चाललं. दुसऱ्या दिवशी मात्र नेटचा पत्ता नाही. साहेब गच्चीवर धावले. बघतात तर छत्रीला चंदेरी कापडाचा घट्ट अभ्रा घातलेला, त्याला खाली झालर, आणि मागे दोन बंद नीट फुलाची गाठ मारून बांधलेले.

"धूळ बसत होती हो," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "उन्हाच्या पडद्यांचं उरलेलं कापड होतं. एक किरण आत जात नाही त्यातून."

"तेच झालंय," साहेब म्हणाले.

पण तो अभ्रा काढायचा म्हणजे वहिनींचं मन मोडायचं, आणि मन मोडलं की किल्ली जायची. अखेर तह झाला: अभ्रा रात्री घालायचा, पहाटे काढायचा. काढायचं काम साहेबांकडे आलं. अशा रीतीनं निवृत्तीनंतर साहेब पुन्हा कामावर हजर होऊ लागले, तेही पायजम्यात.

आता खरी चाचणी सुरू झाली. वेग मोजायची एक सोय मोबाइलवर असते. बोट टेकवलं की गोल तबकडी उघडते आणि काटा सर्रकन वर चढतो. तो काटा पाहिला आणि साहेबांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी पुन्हा एक काटा त्यांच्या पुढ्यात हलत होता. त्याच्यावर सरकारी शिक्का नाही, एवढी एकच उणीव.

दुपारी त्यांनी दोन्ही मोजली. तार उत्तम, छत्री उत्तम. साहेबांचं समाधान झालं नाही. दुपारच्या मोजमापाला ते कवडीची किंमत देत नसत. दुकान रिकामं असलं की कुठलाही दुकानदार संत असतो. काटा खरं बोलतो तो गर्दीच्या वेळी, गिऱ्हाईक पुढ्यात उभं असताना. नोकरीत त्यांनी जितके बदमाश पकडले ते असे, ऐन विक्रीत अचानक आत शिरून. तेव्हा नेट मोजायचं ते अध्याय चालू असताना, असं त्यांनी ठरवलं. काकूंना सांगितलं नाही, कारण अचानक तपासणी कधी सांगून करत नाहीत.

एक दिवस तार, एक दिवस छत्री, असा क्रम लागला. टॅबलेट त्या त्या दिवशी ज्या नेटवर असेल त्याच नेटवर साहेबांचा मोबाइल. काकू बैठकीत वाचायला बसायच्या. साहेब आतल्या खोलीत जुन्या वेताच्या खुर्चीत, दार थोडं किलकिलं. अध्याय रंगात आला की ते खुर्चीत पुढे सरकायचे, घसा साफ करायचे, "हं" म्हणायचे आणि काट्यावर बोट टेकवायचे.

आणि काय आश्चर्य, बाहेर अध्याय तुटायचा.

"सापडली," साहेब आत पुटपुटायचे. "दुपारी सोज्वळ, सकाळी चोर."

दुसऱ्या दिवशी छत्री. तीही तशीच तुटली. म्हणजे दोघी सामील. साहेबांना हे असं होणार याचा वासच होता. त्यांनी तपासणी वाढवली. एकदा मोजायचे ते दोनदा, मग तीनदा. जसजशी तपासणी कडक झाली तसतसा अध्याय जास्त तुटू लागला, आणि जसजसा अध्याय तुटू लागला तसतशी तपासणी कडक झाली. काकू पहिल्या ओळीवर येत राहिल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती कोरड होती. साहेबांना ती कोरड दाराच्या फटीतून ऐकू यायची आणि मग ते दोन्ही कंपन्यांवर जास्तच तापायचे.

तक्रारी गेल्या. तारेच्या कंपनीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आमच्याकडून सगळं व्यवस्थित दिसतंय."

"मी निरीक्षक होतो, बाई. प्रत्येक दुकानदार हेच म्हणायचा."

"सर, मग आमचा माणूस पाठवू?"

"पाठवा. पण दुपारी नको, गर्दीच्या वेळी."

छत्रीचा माणूस नेमका वाचनाच्या वेळी आला. साहेब त्याच्या मागे हाताची घडी घालून, डोळ्यात तेल घालून उभे राहिले. मोबाइल आतल्या खोलीत पडून होता. काकूंनी अध्याय सुरू केला आणि तो गुळगुळीत दगडावरून पाणी जावं तसा शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

"बघा साहेब. काही नाही," छत्रीवाला म्हणाला.

"असंच असतं," साहेब संतापानं म्हणाले. "निरीक्षक डोक्यावर उभा असला की सगळे काटे बरोबर."

"अहो, मग यांनाच रोज बोलवा ना," काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या. त्या दिवशी चहा वेळेवर झाला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड होता. साहेबांनी तो उजेड पाहिला आणि ठरवलं, आता चोराला सोडायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अध्यायाच्या सुरुवातीपासूनच मोजायला घेतलं.

महिन्याचे शेवटचे दिवस फार वाईट गेले. चहा जेवणाच्या पानाला येऊन टेकला. एका सकाळी साहेब "जरा अर्जाचं बघून येतो" म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्यांची अवस्था ओळखली आणि चूळ भरायच्या कागदी पेल्यात त्यांना चहा दिला. साहेबांनी तो हातात धरला, वास घेतला, आणि तसाच खाली ठेवला.

"का हो? पेला नवा आहे."

"वर ती अजून पहिल्या ओळीवर आहे," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी मग आपलाही पेला बाजूला सारला. अर्जाचा विषय कुणीच काढला नाही; साहेब खरे कशाला आले होते, हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

महिना संपला त्या दिवशी साहेबांनी निकाल दिला. दोन्ही नापास. तारवाला आणि छत्रीवाला दोघांनाही आपापला माल काढून न्यायला बोलावलं. काकूंना त्यांनी हे सकाळीच सांगितलं, जमिनीकडे बघत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तोलायला दोन वस्तू मिळाल्या होत्या आणि त्यांतली एकही घरी ठेवण्यालायक निघाली नव्हती. मोठ्या तोऱ्यात 'मी बघतो' म्हणाले होते. बघितलं काय, तर धूर.

"असू दे हो," काकू म्हणाल्या. "आजचा वाचते. उद्यापासून माई डब्यावर ऐकेल. ऐकणं महत्त्वाचं, कोण वाचतंय त्याला काय." त्यांनी चष्मा पदरानं पुसला. मग पुन्हा पुसला. मग फळीकडे बघितलं.

साहेब आतल्या खोलीत गेले. मन थाऱ्यावर नव्हतं. तरी निकाल जाहीर करण्याआधी शेवटचं मोजमाप घ्यायचं, हा खात्याचा रिवाज त्यांच्या अंगात मुरलेला. बाहेर अध्याय सुरू झाला. साहेब खुर्चीत पुढे सरकले, घसा साफ केला, "हं" म्हणाले, बोट टेकवलं. काकू तुटल्या. पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या. साहेब पुन्हा पुढे सरकले.

"धाकटे, थांब," पलीकडून माईचा आवाज आला. "साहेब कुठं आहेत?"

"आत आहेत."

"त्यांना म्हणावं बाहेर या. आणि येताना त्या खुर्चीला तेल घाला."

साहेब मोबाइल हातात घेऊन बाहेर आले. "नमस्कार, माई."

"नमस्कार. आत काय करता रोज?"

"मोजतो. नेटचा वेग."

"कधी?"

"अध्याय चालू असताना. गर्दीच्या वेळी मोजलं की…"

"तुमची खुर्ची करकरते," माई संथपणे म्हणाली. "मग तुम्ही घसा साफ करता, कोर्टात साक्षीला उभं राहिल्यासारखा. मग 'हं' म्हणता. आणि मग माझी बहीण जाते. रोज, याच क्रमानं. मला दिसत नाही, साहेब. ऐकण्याशिवाय दुसरा उद्योग नाही मला."

साहेबांचे कान गरम झाले. "योगायोग असेल."

"असेल. मग मोजा आत्ता. माझ्यासमोर."

साहेबांनी बोट टेकवलं. काटा सर्रकन चढला. "आता बघू या का…" माई म्हणायला गेली आणि तिचं 'का' लांबत लांबत चिरकलं आणि बंद पडलं. काटा खाली उतरला. "…य होतंय ते," माईचा आवाज परत आला. "गेले होते ना मी?"

साहेब काट्याकडे बघत राहिले. पुरता वेग किती हे दाखवायचं, तर काट्याला सगळंच्या सगळं नेट स्वतःकडे ओढावं लागणार. तेवढा वेळ बाकी कुणाला काही उरणार नाही. एवढी साधी गोष्ट. त्यांच्या डोळ्यांपुढे बाजारातला एक जुना किराणेवाला आला. गिऱ्हाइकाशी हवापाण्याचं बोलता बोलता तो पारड्याच्या कडेवर हळूच अंगठा टेकवायचा. साहेबांनी असे किती अंगठे पकडले होते. आणि हा अंगठा महिनाभर त्यांच्याच घरात, त्यांच्याच हाताला होता, बायकोच्या घशावर टेकलेला.

"म्हणजे इतके दिवस…" काकू म्हणाल्या. "मला वाटत होतं, देव परीक्षा बघतोय."

"देव नव्हे," साहेब खाली बघत म्हणाले. "मी."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. आता काय बोलतात म्हणून साहेब वाट बघत होते. बोलल्या त्या एवढंच, "तो मोबाइल ठेवा आणि इथं बसा."

साहेबांनी मोबाइल ठेवला. बसले. हातांना काय काम द्यावं हे त्यांना सुचेना, तेव्हा ते गुडघ्यांवर पालथे टाकले. काकूंनी पुन्हा पहिली ओळ काढली. तेवढ्यात दार लोटून तारवाला आणि छत्रीवाला आत आले, दोघांच्या हातांत हत्यारांच्या पिशव्या. काकूंनी वाचता वाचताच पंजा वर केला. दोघे जिथल्या तिथे, दाराशी उभे राहिले. तारवाल्याला शिंक येत होती, ती त्यानं रुमालात दाबली. कुणी हललं नाही. वेताची खुर्चीसुद्धा आत रिकामी होती. अध्याय मधल्या अवघड जागांवरून गेला, जिथं महिनाभर हटकून तुटायचा तिथूनही न तुटता पुढे सरकला, आणि शेवटच्या ओळीवर येऊन आपसूक थांबला.

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. आता मात्र ते तुटलेलं नव्हतं. माई गप्प होती.

मग ती म्हणाली, "पुरा झाला. दाराशी दोघं उभे आहेत ना? एकाला सर्दी आहे. वाफारा घे म्हणावं." आणि पुढे, "साहेब, आज हे कशावर चाललं होतं? तारेवर की छत्रीवर?"

"आमच्या तारेवर," तारवाला म्हणाला.

"ही छत्रीच आहे," छत्रीवाला म्हणाला. "तारेवर असा आवाज येत नाही."

 सकाळी मनाच्या त्या अवस्थेत साहेबांनी टॅबलेट कशाला जोडला होता, हे त्यांना आठवेना. बघून सांगता आलं असतं. हात सवयीनं मोबाइलकडे गेला. काकूंनी नुसतं पाहिलं. हात गुडघ्यावर परत आला.

"माहीत नाही, माई," ते म्हणाले. हे वाक्य खात्यातल्या कुणी ऐकलं असतं तर त्याला चक्कर आली असती.

"मग ठेवायचं कुठलं?"

"ती ठरवेल."

काकूंना विचार करावा लागला नाही. "मला माझा धुराचा पंखा परत हवा," त्या म्हणाल्या.

महिनाभर साहेबांनी दोन्हींना सगळ्या बाजूंनी तोललं होतं, पण हा मुद्दा एकाही पारड्यात पडला नव्हता. तारवाला स्टुलावर चढून धागा गुंडाळायला लागला. "साहेब, काढायचं कारण काय लिहू?"

"लिहा, पंखा."

"मग पहाटे गच्चीवर जायचं कायम राहिलं तुमचं," काकू म्हणाल्या.

"तो आता माझा नेम," साहेब म्हणाले. या वेळी काकूंना तो शब्द खटकला नाही.

"आणि डबा?" काकूंनी टॅबलेटकडे वळून विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं.

"डब्याचं म्हणतेस होय?" माई म्हणाली. "परवा ऐकून बघितला. छान वाचतो. चष्मा शोधत नाही, पान चुकत नाही. पण सगळा अध्याय झाला तरी त्याचा चहा अडलेला नसतो गं. ज्याचा चहा अडत नाही, त्याच्याकडून काय ऐकायचं? जा, चहा घ्या दोघं."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. पंखा पहिल्यांदा घरघरला, मग लागला. चौघांचा चहा झाला. तारवाल्याला आलं जास्त घालून दिलं. काकूंनी साखर घालताना आज सपाट चमचा घेतला नाही. डब्यात हात घातला आणि चिमटी चिमटीनं, दुसऱ्याच कसल्या विचारात, घालत राहिल्या. साहेब हे दारातून बघत होते. त्यांनी खाकरायला घसा तयार केला.

मग काकूंनी पुढे केलेला पेला तोंडाला लावला आणि चहा प्यायले.